मालिका निवड, वय आठ ते बारा

वाचनालयाच्या सूचनेतून पाटकरांनी ‘पुस्तक’ हा शब्द उडवला, तेव्हा मेबल टीचरांनी थोडा जरी हट्ट धरला असता, तरी पुढचा घोळ झाला नसता.

“‘मुलांसाठी पुस्तकमालिकांची निवड’ असं लिहा,” त्या म्हणाल्या होत्या.

“पुस्तक कशाला?” पाटकर म्हणाले. “वाचनालयाच्या दारावरच लावतोय ना आपण? वाचनालयात काय सुरमई निवडतात?”

दशरथ पाटकर तार ऑफिसातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या मजकुरातले जादा शब्द कापण्यात घालवली. ‘आई गंभीर ताबडतोब ये’ एवढ्यावर माणसं नेसत्या कपड्यांनिशी मालवणला निघायची, मग पाचवा शब्द लागतोच कशाला, असा त्यांचा सवाल असे. तार बंद झाली, ऑफिसला कुलूप लागलं, पण पाटकरांची कात्री काही थांबली नाही. घरच्या वाणसामानाच्या चिठ्ठीतही ते तूरडाळीतली डाळ गाळत आणि नुसतं ‘तूर’ लिहीत. आणि वाणीही तसाच, तो खरोखर तूर पाठवी.

मेबल टीचर, म्हणजे मेबल परेरा, यांनी पालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. दिंडोशीतल्या ह्या सोसायटीत सी विंगच्या तळमजल्यावर पूर्वी सायकली ठेवायची खोली होती. ती त्यांनी मागून घेतली, झाडली, दोन कपाटं आणि एक सतरंजी टाकली आणि वाचनालय सुरू केलं. शाळा सुटल्यापासून मुलांचा गलका कानावर पडत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. ह्या खोलीत तो पुन्हा ऐकू येईल, अशी त्यांना आशा होती. प्रत्यक्षात तिथे पंख्याखाली पेपर तोंडावर घेऊन झोपणाऱ्या तीन आजोबांच्या घोरण्यापलीकडे काही ऐकू आलं नव्हतं.

आणि नेमक्या ह्याच खोलीवर चेअरमन मधुकर राऊळ यांचा डोळा होता. त्यात त्यांचाही दोष नव्हता. ते ए विंगला तळमजल्यावर राहत, गेटपासून पहिलं दार त्यांचं. त्यामुळे तिन्ही विंगमध्ये ज्याच्या घरी कोणी नसेल त्याचं पार्सल राऊळांच्या घरात येऊन पडे. “राऊळसाहेब असतातच घरी,” एवढं सांगून लोक मोकळे होत. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यापर्यंत जायला खोक्यांमधून वाट काढावी लागे. एकदा कोणाची तरी गादी तिथे चार दिवस उभी होती आणि राऊळवहिनींनी दुसऱ्याची साडी स्वतःची समजून हळदीकुंकवाला नेसलीसुद्धा होती.

“वाचनालयात म्हातारे झोपतात,” राऊळांनी कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं. “झोपायला त्यांना घरं आहेत. पार्सलांना नाहीत. ती खोली पार्सलांना द्या.”

“मुलं येतील हो,” मेबल टीचर म्हणाल्या.

“कधी येतील? रविवारी येऊन दाखवू देत. आली तर खोली तुमची. नाही आली तर सोमवारी मी रॅक लावून घेणार.”

टीचरांनी ते आव्हान घेतलं. त्यांचा साधा हिशेब होता. मुलाला एकच पुस्तक दिलं तर ते घरी नेतं आणि विसरतं. पण बारा भागांची मालिका हातात दिली आणि पहिला भाग ऐन मोक्यावर संपला, की दुसऱ्या भागासाठी ते झक मारत परत येतं. एका पुस्तकविक्रेत्याने दोन मालिकांचे पूर्ण सेट बघायला ठेवून घ्या म्हणून दिले होते. वर्गणीत त्यातला एकच बसणार होता. टीचरांना हवी होती ‘चौथ्या जिन्याची टोळी’. तीन जिन्यांच्या एका इमारतीत चौथा जिना सापडतो, अशी गोष्ट. बाराही भाग त्यांनी स्वतः वाचून काढले होते. पाटकरांना हवी होती ‘आतून बाहेरून’ ही माहितीची मालिका. तिचा पहिला भाग पोटावर होता, दुसरा गटारावर.

“खोट्या गोष्टी वाचून पोरांना काय मिळणार?” पाटकर विचारत.

“आणि आतडी वाचून?”

“आतडी त्यांच्या पोटात तरी आहेत. चौथा जिना कोणाच्या बिल्डिंगीत आहे?”

दोघं दोन दिवस भांडले. शेवटी ठरलं, की मुलांना बोलवायचं, दोन्हीतली पानं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची आणि त्यांनाच निवडू द्यायचं. पाटकरांनी वळणदार अक्षरात पुठ्ठ्यावर सूचना लिहिली: ‘मुलांसाठी मालिका निवड. एक काल्पनिक, एक सत्य. वय आठ ते बारा. वाचून घेतलं जाईल. सेट पाहायला मिळेल. रविवार सकाळी दहा, सी विंग तळमजला. पालकांसह यावे.’

सूचना वाचनालयाच्या पाटीखाली लागली. सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने तिचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत पाटी आली नाही.

आता दिंडोशीतल्या माणसाला ‘मालिका’ म्हटल्यावर काय आठवणार, याचा पाटकरांनी विचार करायला हवा होता. टेकडीपलीकडेच चित्रनगरी. सोसायटीत कोणाचा भाचा लाइटवर होता, कोणाची वहिनी तीन मालिकांच्या लग्नात मागच्या रांगेत अक्षता टाकून आली होती. बी विंगमधला एक कुत्रा तर दोन मालिकांत चमकला होता, आणि तेव्हापासून त्याच्या मालकिणीला गणपतीच्या आरतीत पुढे उभं राहायला मिळे. जिथे कुत्र्याचं नशीब उघडतं तिथे आपल्या लेकराचं का नाही, असं प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या मनात होतंच.

फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तिथून बालवाडीच्या आयांच्या ग्रुपवर, तिथून चारकोपच्या मावशांपर्यंत. वाटेत त्याला ‘नामांकित चॅनल’ असे शब्द येऊन चिकटले. मुलं जमवायला टीचरांनी वाचनालयात थेट चॅनललाच बोलावलं, असं सोसायटीतल्यांनी धरून टाकलं. पाटकरांनी गाळलेल्या जागेत लोकांनी आपापला मजकूर भरला होता.

रविवारी मेबल टीचर दार उघडायला आल्या तेव्हा रांग गेटपर्यंत गेली होती.

त्यांचा विश्वासच बसेना. रांगेत मुलंच मुलं होती. सगळी नटलेली. एकीने नऊवारी नेसली होती, एकाला धोतर आवरत नव्हतं, दोघी पऱ्या होत्या, एक मावळा होता आणि त्याची मिशी घामाने एका बाजूला सरकली होती. पावडरीचा वास जिन्यात भरला होता.

“पाटकर, बघा,” टीचर रांगेकडे हात करून म्हणाल्या. “पुस्तकांसाठी मुलं सणासारखी नटून आलीत. आणि लोक म्हणतात, वाचन संपलं.”

“तरी मी म्हणत होतो,” पाटकर म्हणाले, “शब्द कमी, परिणाम जास्त.”

नावनोंदणी सुरू झाली. पहिला नंबर गंधालीचा. तिची नऊ वर्षांची ओवी लिपस्टिक चाटत उभी होती.

“टीचर, किती भागांची आहे?” गंधालीने विचारलं.

“काल्पनिक बारा भागांची. माहितीची दहा.”

“बाराच? आजकाल हजार-हजार भाग चालतात.”

“हजार?” टीचर हबकल्या. “एवढा मुलांना वेळ कुठे असतो गं? आठवड्याला एक भाग झाला तरी पुष्कळ.”

“अच्छा, वीकेंडची आहे. मग शाळा बुडणार नाही, बरं झालं. आणि सेट?”

“सेट आतच आहे, टेबलावर.”

गंधालीने मान लांबवून टेबलाकडे पाहिलं. तिथे पुस्तकांचे दोन गठ्ठे होते. “एवढासाच?” ती पुटपुटली, आणि ही कला क्षेत्रातली आधुनिक पद्धत असावी असं समजून गप्प बसली.

दुसऱ्या टेबलावर पाटकर होते. त्यांना एका बाबांनी विचारलं, “काका, तुमच्याकडे कुठले रोल आहेत?”

“माझ्याकडे पहिल्या भागात जठर, मग लहान आतडं, मोठं आतडं, यकृत.”

बाबांनी मुलाकडे पाहिलं. “जठर मेन आहे का?”

“मेनच. सगळं तिथेच येतं.”

“मग आमचा जठर करेल. एक्स्प्रेशन चांगले देतो तो. काका, कॅमेरा कुठे लावणार?”

पाटकरांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मावळ्याकडे पाहिलं, पऱ्यांकडे पाहिलं, मग उठून दाराबाहेर गेले आणि स्वतःच्या अक्षरातली सूचना पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने वाचली. ध चा मा झाला की इतिहासात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. इथे तर त्यांनी अख्खं पुस्तकच खाल्लं होतं.

आत येऊन ते पुन्हा टेबलाशी बसले. प्रत्येक प्रश्नाला ते “बघू, ठरेल” असं उत्तर देऊ लागले, आणि तेच इतकं मालिकावाल्यांसारखं होतं, की लोकांचा विश्वास उलट वाढला.

वाचन सुरू झालं. ओवीला ‘आतून बाहेरून’मधलं पान मिळालं.

“‘अ-न्न... अन्न... ज... जठ... रा... त...’” ओवी अडखळली. ती इंग्रजी शाळेत जायची. मराठी तिला बोलता फाडफाड यायचं, पण जोडाक्षर आलं की ती ब्रेक मारायची. “‘तिथून ते आत... ड्... ड्या...’ आई, हे काय आहे?”

“आतड्यात. आतड्यात आहे ते,” गंधाली दारातून कुजबुजली. “आणि डोळ्यांत पाणी आण. आतडं म्हटलंय. आतडं तुटतं ना, तसं म्हण.”

ओवीने ओठ थरथरवले. “‘लहान आतड्यात,’” ती हुंदका देत म्हणाली, “‘अन्नाचे... पचन... पूर्ण होते.’”

मागच्या आयांपैकी एकीने खरोखर पदर डोळ्याला लावला. मेबल टीचरांना मात्र कळेना, की पचन पूर्ण झालं तर ह्या पोरीला इतकं वाईट का वाटावं.

पुढच्या मुलांचीही तीच गत. मावळा ‘चौथ्या जिन्याची टोळी’चं पहिलं पान तलवार उपसून वाचत होता, पण ‘जिन्याच्या’ ह्या शब्दापाशी तलवार म्यान झाली. एकामागून एक मूल उभं राही, ‘ज्ञ’ला अडे, ‘क्ष’ला थांबे, आणि दारातल्या आया लाजेने चुळबुळत. पोरं मराठी बोलतात म्हणजे वाचतही असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. टीचर मात्र त्यांच्या शेजारी बसून शब्द फोडून देत होत्या, आणि अडखळत का होईना, एका मुलाच्या पानाला दुसऱ्याचं पान जोडत गोष्ट पुढे सरकत होती. कोपऱ्यात वाचून झालेली मुलं पांगायच्या ऐवजी कान देऊन ऐकत होती.

एवढ्यात राऊळ आले. मुलं मोजायला आलो, असं ते म्हणाले. पण मुलं मोजायला रेशमी कुडता लागत नाही आणि मिशीही काळी करावी लागत नाही. चेअरमन गर्दी पाहून वैतागतील असं पाटकरांना वाटलं होतं. राऊळ उलट टीचरांच्या कानाशी वाकले.

“टीचर, ह्या काल्पनिकमध्ये... कोणी आजोबा वगैरे आहेत का?”

“आहेत की. फार महत्त्वाचे आहेत. तिसऱ्या भागात येतात.”

“तिसऱ्या? तोपर्यंत थांबायचं?” राऊळांनी कुडत्याची घडी सारखी केली. “बरं. मग पुढे असतात ना?”

“चौथ्यात बेपत्ता होतात.”

“म्हणजे एकाच भागात येऊन गेले?” राऊळांचा चेहरा उतरला. “मरतात?”

“ते सातव्यात कळतं.”

“पण परत येतात ना टीचर? एवढं सांगा.”

“ते सांगून कसं चालेल? मजा जाते,” टीचर म्हणाल्या. राऊळांना वाचनात इतका रस आहे हे त्यांना आजच कळत होतं, आणि त्यांच्याविषयी मनात आलेल्या वाईटसाईट विचारांबद्दल त्यांना थोडं ओशाळल्यासारखं झालं.

पाटकरांना आता राहवेना. त्यांनी टीचरांना कपाटामागे नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. शब्द न कापता सांगितलेली ती त्यांची आयुष्यातली पहिलीच हकीकत असावी.

टीचरांनी कपाटाला टेकून डोळे मिटले. “म्हणजे ही मुलं पुस्तकांसाठी नाही आली?”

“नाय. पण आता गप ऱ्हवा. आलीत ना? चेअरमनची अट ‘मुलं आली तर’ एवढीच आहे. तो मोजतोय. मोजून झालं की खोली आपली. मग हळूच सांगू, चॅनलने बेत रद्द केला.”

खोलीत चाळीसेक मुलं होती. गलका होता. हाच गलका त्यांना हवा होता. टीचरांना क्षणभर पाटकरांचं म्हणणं पटलंही. तेवढ्यात ओवी कपाटामागे आली. रडून तिचं काजळ गालावर उतरलं होतं.

“टीचर, मला वाचता नाही आलं ना? मी फेल ना?”

पस्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला हे कसं सोसणार? मेबल टीचर बाहेर आल्या, खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “सगळ्यांनी ऐका. ही टीव्हीची मालिका नाही. पुस्तकांची आहे. शूटिंग नाही, चॅनल नाही. चूक आमची आहे, एक शब्द राहिला. खोली टिकावी म्हणून मुलं हवी होती, पण फसवून नको. इथे कोणी पास-नापास नाही, ओवी. वाचनालयात नापास होताच येत नाही.”

 दारात एकच कल्लोळ उठला.

“म्हणजे काय, आम्ही चारकोपवरून रिक्षा करून आलो ते?”

“धोतर नेसवायला मी सहाला उठले.”

“नऊवारीचं भाडं कोण देणार?”

“एक शब्द राहिला म्हणजे काय? काका, तुम्हाला चार जास्तीचे शब्द लिहायला काय धाड भरली होती?”

पाटकर टेबलामागे खाली वाकून पडलेलं पेन शोधू लागले. पेन त्यांच्या खिशात होतं.  सगळ्यात जास्त चिडायचा हक्क राऊळांचा होता, पण चिडावं तर रेशमी कुडता का घातला हे सांगावं लागलं असतं.

“चल गं ओवी,” गंधालीने हाक मारली. “वाट लागली सगळ्या रविवारची.”

ओवी हलली नाही. ती मावळ्याच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावत होती. “थांब ना आई. त्यांनी आत्ता दार उघडलंय. आत कोणाचा तरी खोकला ऐकू येतोय.”

“कोणाचा खोकला?”

“तेच वाचतोय ना. हा फार स्लो वाचतो. ए, दे ना इकडे.”

“माझं पान आहे,” मावळा म्हणाला.

जठर करायला आलेला मुलगा सतरंजीवर पालथा पडून दुसऱ्या भागातलं गटार पाहत होता. त्याच्या बाबांनी त्याला दोनदा उचलला, तो दोनदा पुस्तकासकट उचलला गेला. पऱ्या खाली बसायला अडचण नको म्हणून पंख काढून भिंतीला टेकल्या होत्या. आयांनी हाका मारल्या, डोळे वटारले, वडापावचं आमिष दाखवलं. दोन-तीन मुलं वडापावला फुटली. बाकीची बसूनच राहिली.

गंधाली रागारागाने लेकीला ओढायला आत आली आणि तिच्याशेजारी उकिडवी बसली. जरा वेळाने तिने पान उलटलं. “टीचर,” ती हळूच म्हणाली, “हिला मराठी वाचता येत नाही हे मला आज सगळ्यांसमोर कळलं. लाज वाटली हो. रोज पाठवली तर चालेल?”

“रोज पाठव,” टीचर म्हणाल्या, आणि त्यांना नाक पुसायला रुमाल शोधावा लागला.

सगळ्यांचं लक्ष आता राऊळांकडे गेलं. ते घसा खाकरून मधोमध आले.

“मुलं आली,” ते म्हणाले. “शूटिंगसाठी आली, पण बसली पुस्तकासाठी. मी शब्दाचा माणूस आहे. खोली वाचनालयाची. आणि कमिटीतर्फे दोन्ही मालिका घ्या, भांडू नका. फक्त काल्पनिकचे चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे भाग आज मी घरी नेतो. तपासायला.”

“देता येणार नाहीत,” मेबल टीचर म्हणाल्या.

“का?”

“वयोगट आठ ते बारा.”

“मग नातवाच्या नावावर लिहा.”

“तुम्हाला नातू कुठे आहे?”

राऊळांनी मिशीवरून हात फिरवला, तेव्हा बोटाला काळं लागलं. ते बोट त्यांनी कुडत्यामागे लपवलं. “पण मग ह्या पोरांना वाचून कोण दाखवणार?” त्यांनी विचारलं. “जोडाक्षरं येत नाहीत त्यांना. तुम्ही एकट्या किती पुरे पडणार? रोज संध्याकाळी मी बसत जाईन. आवाज बरा आहे माझा.”

“रोज?” पाटकरांनी टेबलामागून विचारलं. “मग पार्सलं?”

“पार्सलं गेली खड्ड्यात.”

सोमवारी संध्याकाळी राऊळ पहिला भाग घेऊन सतरंजीवर बसले आणि ओवीने त्यांना जागा करून दिली. त्यांच्या घराचं दार पहिल्यांदाच बंद होतं. राऊळवहिनीही नवरा काय दिवे लावतो ते बघायला वाचनालयात येऊन बसल्या होत्या. पार्सलवाल्या मुलांनी बेल वाजवली, वाट पाहिली, शिव्या दिल्या, आणि मग नाइलाजाने वर चढून ज्याचं पार्सल त्याच्या दारात ठेवलं. लोक घरीच होते. आठवड्याभरात राऊळांचा हॉल मोकळा झाला आणि पार्सलांसाठी खोली हवी होती हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.